हनामी

हनामी : साकुरा वृक्षांच्या फुलोऱ्याचे दर्शन घेण्याचा जपानमधील वसंतोत्सव. ‘हना’ म्हणजे फूल आणि ‘मी’ म्हणजे पाहणे. त्यावरून या जपानी शब्दाचा अर्थ पुष्पदर्शन असा होतो. बहरलेल्या वृक्षांखाली आप्तेष्ट, मित्र वा सहकारी यांनी एकत्र बसावे, बरोबर आणलेल्या खाद्यपेयांचा आस्वाद घ्यावा आणि फुलांच्या सहवासात काही काळ घालवावा, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप आहे. या उत्सवाला विशिष्ट अधिदैवत नाही, ठरीव विधी नाहीत आणि पंचांगातील नियत तिथीही नाही. त्याचा दिवस वृक्ष ठरवितो व तो दरवर्षी बदलतो. एखाद्या ठिकाणी पहिली फुले उमलल्यापासून पूर्ण बहर येण्यास सु. एक आठवडा लागतो आणि त्यानंतरच्या आठवड्याभरात पाकळ्या गळून जातात. मध्येच वारा-पाऊस झाला, तर हा अवधी आणखी कमी होतो. तिथीऐवजी वृक्षावर अवलंबून असणे, हे हनामीचे मूलभूत वैशिष्ट्य होय. त्यामुळे तिच्या जुन्या नोंदींना हवामानाच्या इतिहासाचे साधन म्हणून मोल आले आहे आणि त्याच कारणाने हवामानातील बदलांचा परिणामही या उत्सवावर प्रत्यक्ष होऊ लागला आहे.

वृक्ष : साकुरा हे गुलाब कुलातील (रोझेसी) काही वृक्षांचे समाईक जपानी नाव आहे. त्यांचा समावेश प्रूनस वंशात केला जातो; जपानी वनस्पतिवैज्ञानिक मात्र त्यांना बहुधा सेरॅसस या स्वतंत्र वंशात घालतात. बदाम, जर्दाळू व आलुबुखार हे त्यांचे जवळचे आप्त होत. फळांसाठी लावण्यात येणारी चेरी ही याहून वेगळी जाती असून साकुराची फळे लहान व कडवट असतात. जपानमध्ये साकुराच्या सु. दहा वन्य जाती आढळतात आणि त्यांच्यापासून निवड व संकर यांद्वारे निर्माण झालेले प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. यामाझाकुरा (डोंगरी साकुरा) या वन्य जातीत फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवी फुटते. शिदारेझाकुराच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात, तर यायेझाकुरा या प्रकारांच्या फुलांत पाकळ्यांचे अनेक थर असून ती उशिरा उमलतात. की द्वीपकल्पातील कुमानोझाकुरा ही नवी वन्य जाती २०१८ मध्ये शास्त्रीय रीत्या वर्णिली गेली.

आज सर्वत्र दिसणारा साकुरा मात्र प्रायः सोमेइ योशिनो या एकाच प्रकारचा असतो. एदो (आताचे टोकिओ) शहरालगतच्या सोमेइ या माळ्यांच्या गावातून हा प्रकार एकोणिसाव्या शतकात प्रसृत झाला. आरंभी तो योशिनो पर्वताच्या नावाने विकला जाई. पण त्या पर्वतावरील वृक्ष यामाझाकुरा असल्याचे लक्षात आल्यावर १९०० मध्ये फुजिनो योरियोशी यांनी त्याला ‘सोमेइ योशिनो’ हे नाव दिले. तो एदोहिगान व ओशिमाझाकुरा या दोन जातींचा संकर आहे. त्याचे स्वतःच्याच परागांनी फलन होत नाही, त्यामुळे बियांपासून हाच प्रकार मिळत नाही व अभिवृद्धी कलमांनीच करावी लागते. परिणामी, देशातील सर्व सोमेइ योशिनो वृक्ष आनुवंशिक दृष्ट्या एकाच मूळ वृक्षाची रूपे ठरतात. एका परिसरातील शेकडो वृक्ष एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात, त्याचे कारण हेच आहे. पालवी येण्यापूर्वीच फुले येत असल्याने संपूर्ण वृक्ष फिकट गुलाबी दिसतो. शिवाय तो लवकर वाढतो. या गुणांमुळे मेजी काळात (१८६८–१९१२) किल्ल्यांचे आवार, नदीकाठ, शाळा, सैनिकी तळ व नवी सार्वजनिक उद्याने यांतून त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. हनामीचे आजचे एकजिनसी दृश्य त्यामुळे फार जुने नाही. प्राचीन काळी एकाच डोंगरावर निरनिराळे यामाझाकुरा मागेपुढे फुलत आणि बहर अधिक काळ टिके.

बहराची प्रक्रिया : साकुराच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. शरद ऋतूत त्या सुप्तावस्थेत जातात. ही सुप्तावस्था मोडण्यासाठी काही आठवडे थंडी मिळणे आवश्यक असते. त्यानंतर तापमान वाढू लागले, की कळ्या वाढीस लागतात. म्हणजे फुलोऱ्यासाठी आधी पुरेशी थंडी व मग पुरेशी ऊब, अशा दोन अटी आहेत. वसंत ऋतू लवकर उबदार झाल्यास बहर अलीकडे येतो. परंतु हिवाळाच सौम्य झाल्यास कळ्या नीट जाग्या होत नाहीत आणि बहर लांबतो वा विरळ येतो.

इतिहास : नारा काळात (७१०–७९४) जपानी अभिजनवर्ग चीनमधून आलेल्या उमे या वृक्षाच्या फुलांवर लुब्ध होता. आठव्या शतकातील मान्योशू या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेवरील कविता अधिक आहेत. सम्राट सागा याने ८१२ मध्ये क्योटो येथील शिन्सेन-एन या उद्यानात पुष्पोत्सव केल्याची नोंद आढळते. पुढे नवव्या शतकात राजवाड्यातील प्रमुख सभागृहासमोरील उमेच्या जागी साकुरा लावण्यात आला. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या कोकिनशू या संग्रहापर्यंत नुसत्या ‘हना’ या शब्दाने साकुराचा बोध होऊ लागला होता. गेंजी मोनोगातारी या विख्यात कादंबरीतील एका प्रकरणाचे नावच साकुराच्या पुष्पोत्सवावरून पडले आहे. दरबारी परंपरेच्या जोडीला एक लोकपरंपराही होती. डोंगरावरील साकुरा फुलला, की भातशेतीची कामे सुरू करावयाची आणि बहर कसा आला त्यावरून पिकाचा अदमास बांधावयाचा, असा शेतकऱ्यांचा प्रघात होता. ‘सा’ म्हणजे शेताची देवता व ‘कुरा’ म्हणजे तिचे आसन, अशी साकुरा या शब्दाची व्युत्पत्ती काही अभ्यासक देतात. परंतु ती सर्वमान्य नाही.

बौद्ध धर्मातील अनित्यतेच्या कल्पनेमुळे झडणाऱ्या पाकळीला विशेष अर्थ आला. बाराव्या शतकातील भिक्षू-कवी साइग्यो याने योशिनोच्या साकुराचा ध्यास घेतला होता. चौदाव्या शतकातील योशिदा केन्को या लेखकाने, फूल पूर्ण बहरातच पाहावे असे नाही, उमलण्याच्या बेतातील फांदी व पाकळ्यांनी भरलेले अंगणही तितकेच प्रेक्षणीय आहे, असा विचार मांडला. तथापि हनामी ही वैभवप्रदर्शनाची संधीही होती. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने १५९४ मध्ये सु. ५,००० लोकांच्या परिवारासह योशिनो येथे आणि १५९८ च्या वसंत ऋतूत क्योटोमधील दाइगो-जी मंदिरात हनामी साजरी केली. दाइगो-जी येथे त्यासाठी सु. ७०० वृक्ष आणून लावण्यात आले होते. त्याच वर्षी शरद ऋतूच्या तोंडावर हिदेयोशीचे निधन झाले.

सामान्य जनतेचा उत्सव हे हनामीचे रूप एदो काळात (१६०३–१८६८) घडले. एदो शहरातील उएनो येथे साकुराचे वृक्ष होते. परंतु तेथे शोगुन घराण्याचे कान्एइ-जी हे मंदिर असल्यामुळे गाणे-बजावणे वर्ज्य होते व सायंकाळी दरवाजे बंद होत. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने (कार. १७१६–४५) याने आसुकायामा टेकडी आणि सुमिदा नदीचा बांध या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर साकुरा लावून ती स्थळे जनतेला खुली केली. आसुकायामा येथे मद्यपान व करमणूक यांना मुभा होती. बांधावर वृक्ष लावण्यामागे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी माती दाबली जाऊन बांध पक्का व्हावा, असाही हेतू असल्याचे सांगतात. साकुराचे खारविलेले पान गुंडाळलेली साकुरामोची ही मिठाई याच नदीकाठच्या चोमेइ-जी मंदिराजवळ १७१७ मध्ये प्रथम विकली गेली, असे मानतात.

फुलाच्या क्षणिकतेचा राजकीय उपयोगही झाला. झडणाऱ्या पाकळीप्रमाणे सम्राटासाठी प्राणार्पण करावे, ही शिकवण मेजी काळापासून सैन्यात व शाळांतून दृढ करण्यात आली. युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ टोकिओमध्ये उभारलेल्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात साकुरा लावण्यात आले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या आत्मघातकी वैमानिक पथकाच्या तुकड्यांची नावे अठराव्या शतकातील विद्वान मोतोओरी नोरिनागा यांच्या साकुरावरील एका कवितेतून घेतली होती; त्यांपैकी एक ‘यामाझाकुरा’ हे होते. आत्मघातकी हल्ल्यासाठी बनविलेल्या एका रॉकेट-विमानालाही साकुराच्या फुलाचेच नाव होते. नोरिनागा यांची कविता सौंदर्यविषयक होती. वस्तुजाताच्या नश्वरतेतून उत्पन्न होणाऱ्या हळव्या भावाचे (मोनो नो आवारे) विवेचन हे त्यांचे प्रमुख कार्य होय. तिला युद्धाचा अर्थ नंतर चिकटविण्यात आला, असे मानवशास्त्रज्ञ एमिको ओनुकी-टिअर्नी यांनी या विषयावरील आपल्या ग्रंथात (२००२) दाखवून दिले आहे. युद्धोत्तर काळात हनामीला पुन्हा कौटुंबिक व नागरी उत्सवाचे रूप आले.

बहराची आघाडी व निरीक्षणे : जपानचा विस्तार उत्तर-दक्षिण दिशेने मोठा असल्याने बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. नकाशावर एकाच दिवशी फुलणारी ठिकाणे जोडणाऱ्या रेषेला ‘साकुरा झेनसेन’ (साकुराची आघाडी) म्हणतात. ओकिनावा बेटांवर वेगळ्या जातीचा गडद रंगाचा साकुरा जानेवारीतच फुलतो. क्यूशू, शिकोकू व टोकिओ येथे सोमेइ योशिनोचा बहर सामान्यतः मार्चच्या उत्तरार्धात सुरू होतो, उत्तर होन्शूत एप्रिलमध्ये आणि होक्काइदोत एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत येतो. जपानी हवामान संस्था १९५३ पासून देशभर एकाच पद्धतीने निरीक्षणे करीत आहे. प्रत्येक ठिकाणी एक नमुना-वृक्ष ठरविलेला असतो. त्यावर पाच-सहा फुले उमलली, की बहर सुरू झाल्याचे आणि सु. ८० टक्के कळ्या उमलल्या, की पूर्ण बहर आल्याचे जाहीर होते. टोकिओचा नमुना-वृक्ष यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. या संस्थेने बहराचा अंदाज वर्तविण्याचे काम २०१० पासून थांबविले असून ते आता खाजगी हवामान कंपन्या करतात. वसंत ऋतूत हे अंदाज वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांतून आवर्जून दिले जातात.

याहून मोलाची नोंदमाला क्योटो येथील आहे. ओसाका येथील संशोधक आओनो यासुयुकी यांनी सम्राट, सरदार व भिक्षू यांच्या रोजनिश्या आणि बखरी धुंडाळून तेथील यामाझाकुराच्या पूर्ण बहराच्या तारखा संकलित केल्या. जुन्या पंचांगातील तिथ्यांचे त्यांनी ग्रेगरियन दिनांकांत रूपांतर केले. ही माला इ. स. ८१२ पासूनची आहे; म्हणजे सम्राट सागाचा पुष्पोत्सव ही तिची पहिली नोंद ठरते. रोजनिशी लिहिणाऱ्यांचा हेतू केवळ मेजवानी कोठे व केव्हा झाली, हे नमूद करण्याचा होता. त्यांच्या नोंदींतून बारा शतकांतील मार्चच्या तापमानाचा अंदाज बांधता आला. या मालेनुसार शतकानुशतके पूर्ण बहर सर्वसाधारणपणे एप्रिलच्या मध्याच्या आसपास येत असे. एकोणिसाव्या शतकानंतर तो सातत्याने अलीकडे आला. २०२१ मध्ये क्योटोत पूर्ण बहर २६ मार्च रोजी आला. तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतकी अलीकडची तारीख आढळत नाही. यात जागतिक तापमानवाढीबरोबरच शहराच्या वाढीमुळे निर्माण झालेल्या उष्म्याचाही वाटा आहे.

उत्सवाचे स्वरूप : जपानमध्ये शाळा, कार्यालये व शासन यांचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे निरोप आणि स्वागत या दोन्ही प्रसंगांशी साकुराचा बहर जोडला गेला आहे. उद्यानांतून जागा धरण्यासाठी सकाळपासूनच निळ्या प्लॅस्टिकच्या चटया पसरलेल्या दिसतात. कार्यालयात हे काम बहुधा नव्या कर्मचाऱ्याकडे येते. चटईवर पादत्राणे काढून बसतात. बेंतो या डब्यांतील भात, मासे व भाज्या, गुलाबी, पांढरा व हिरवा अशा तीन रंगांचे काडीला टोचलेले दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे), साकुरामोची आणि साके हे मद्य, असा बेत असतो. ‘फुलांपेक्षा दांगो बरे’ या अर्थाची एक जपानी म्हण असून तीत फुलांकडे पाठ फिरवून खाण्यावर लक्ष ठेवणाऱ्यांची थट्टा आहे. रात्री कंदिलांच्या प्रकाशात होणाऱ्या पुष्पदर्शनास ‘योझाकुरा’ म्हणतात.

या काळासाठी भाषेतही स्वतंत्र शब्द आहेत. बहराच्या दिवसांतील ढगाळ हवेला ‘हनागुमोरी’, अचानक परतणाऱ्या थंडीला ‘हनाबिए’, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या पाकळ्यांच्या वर्षावाला ‘हनाफुबुकी’ (फुलांचे हिमवादळ) व पाण्यावर जमलेल्या पाकळ्यांच्या थराला ‘हनाइकादा’ (फुलांचा तराफा) म्हणतात. प्रवाशालाही हे शब्द उपयुक्त आहेत. कारण वसंत ऋतू असला, तरी उघड्यावर बसण्यासाठी उबदार कपडे लागतात. फांद्या तोडणे वा हलविणे असभ्य समजले जाते. मुळांवरील माती तुडविली गेल्याने वृक्ष क्षीण होतात, म्हणून अनेक ठिकाणी खोडाभोवती कुंपण असते. नियम स्थळपरत्वे बदलतात; उदा., टोकिओतील उएनो उद्यानात मेजवान्या रंगतात, तर शिंजुकु ग्योएन या उद्यानात मद्य नेण्यास बंदी आहे.

प्रमुख स्थळे : नारा प्रांतातील योशिनो पर्वतावर सु. ३०,००० साकुरा असून त्यांत यामाझाकुराचे प्राबल्य आहे. तेथील झाओ गोंगेन या देवतेला भाविकांनी शतकानुशतके वृक्ष अर्पण केल्याने हे वन वाढले. बहर पायथ्याकडून माथ्याकडे चार टप्प्यांनी चढत जात असल्याने तो अधिक दिवस पाहावयास मिळतो. फुकुशिमा प्रांतातील मिहारू येथील ‘ताकिझाकुरा’ (धबधबा-साकुरा) हा एकच झुकत्या फांद्यांचा वृक्ष हजार वर्षांहून जुना मानला जातो. १९२२ मध्ये तो नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाला. ओसाका येथील टांकसाळीच्या आवारातील बहुदल साकुरांचा मार्ग १८८३ पासून दर वसंत ऋतूत काही दिवस जनतेला खुला केला जातो. उत्तरेकडील हिरोसाकी किल्ल्याच्या परिसरात सु. २,६०० वृक्ष असून त्यांतील काही सोमेइ योशिनो १८८२ मध्ये लावलेले आहेत.

जपानबाहेर : टोकिओ शहराने १९१० मध्ये वॉशिंग्टनला पाठविलेली सु. २,००० रोपे कीडग्रस्त आढळल्याने जाळावी लागली; १९१२ मध्ये महापौर ओझाकी युकिओ यांच्या पुढाकाराने ३,०२० रोपे पुन्हा पाठविण्यात आली. ज्या आराकावा नदीकाठच्या वृक्षांपासून ही रोपे केली होती, ते वृक्ष महायुद्धाच्या काळात दुर्दशेस पोहोचले. तेव्हा १९५२ मध्ये वॉशिंग्टनमधील वृक्षांची डोळकाडी जपानला परत पाठविण्यात आली. जपानमधून नाहीसा झालेला ‘ताइहाकु’ हा पांढऱ्या फुलांचा प्रकारही इंग्रज वृक्षप्रेमी कॉलिंगवुड इंग्रॅम यांनी १९३२ मध्ये क्योटोस परत पाठविला. भारतात हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत आढळणारा पद्मक (प्रूनस सेरॅसॉइडीस) हा साकुराचा आप्त होय. शिलाँग परिसरात तो वसंत ऋतूत नव्हे, तर नोव्हेंबरमध्ये फुलतो.

सद्यःस्थिती : मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामी यांनंतर हनामी आवरती घ्यावी, असे आवाहन काही अधिकाऱ्यांनी केले होते, उलट, आपत्तिग्रस्त ईशान्य भागातील साके-उत्पादकांनी लोकांनी हनामी अवश्य करावी, अशी विनंती केली. फुकुशिमा प्रांतातील तोमिओका येथील योनोमोरी भागात साकुरांची सु. दोन किमी. लांबीची कमान आहे. अणुवीज केंद्रातील दुर्घटनेमुळे ही वस्ती रिकामी करावी लागली आणि वृक्ष निर्मनुष्य रस्त्यावर फुलत राहिले. तेथील निवासबंदी १ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे बहराच्याच सुमारास, उठविण्यात आली. कोविड-१९ च्या साथीत २०२० ते २०२२ या काळात अनेक उद्यानांत बसून मेजवानी करण्यास मनाई होती.

दीर्घकालीन धोके याहून वेगळे आहेत. हवामान संस्थेच्या नोंदींनुसार १९५३ पासून बहराची सुरुवात दर दहा वर्षांस सु. एक दिवस या गतीने अलीकडे येत आहे. आधी तारखा ठरवून जाहीर केलेल्या स्थानिक महोत्सवांच्या वेळी फुले झडून गेलेली असतात, असे काही वेळा घडते. क्यूशूच्या दक्षिण टोकाला मात्र सौम्य हिवाळ्यानंतर टोकिओपेक्षा उशिरा बहर आल्याची उदाहरणे आहेत; थंडी आणखी घटल्यास तेथे सोमेइ योशिनो नीट फुलणार नाही, अशी शक्यता वर्तविण्यात येते. सर्व वृक्ष एकाच मूळ वृक्षाची कलमे असल्यामुळे त्यांची रोगप्रतिकारशक्तीही सारखीच असते. कवकजन्य ‘तेंगुसु’ रोगाला ते सहज बळी पडतात. २०१२ मध्ये जपानमध्ये प्रथम आढळलेला, खोड पोखरणारा तांबड्या मानेचा भुंगेरा (ॲरोमिया बंगाय) हा नवा शत्रू असून २०१८ मध्ये तो उपद्रवी परकीय जाती म्हणून घोषित झाला. युद्धोत्तर काळात लावलेले असंख्य वृक्ष आता वृद्ध झाले आहेत. सोमेइ योशिनोचे आयुष्य सर्वसाधारणपणे सु. ६० वर्षे समजले जाते. काही ठिकाणी त्यांच्या जागी रोगास कमी बळी पडणारा ‘जिंदाइ आकेबोनो’ हा प्रकार लावला जात आहे.

हे आयुर्मान अटळ नसल्याचे हिरोसाकीच्या अनुभवावरून दिसते. ‘साकुरा छाटणारा मूर्ख आणि उमे न छाटणारा मूर्ख’ अशी एक जुनी जपानी म्हण आहे; कारण साकुराची छाटलेली जागा लवकर कुजते. हिरोसाकीचा परिसर सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील माळ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सफरचंदाच्या छाटणीचे तंत्र साकुराला लावले, कापलेल्या जागी लेप दिला आणि मुळांना खत-माती पुरविली. परिणामी, तेथे शंभर वर्षांहून अधिक वयाचे शेकडो सोमेइ योशिनो आजही फुलतात आणि त्यांना इतर ठिकाणांपेक्षा दाट फुलोरा येतो.